त्या पिशव्या कुठं गेल्या, असं विचारणारी आक्का

शाळेत दुपारची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घेऊन बघायची असते. त्या दिवशी ते काम माझ्याकडं होतं. चमचा तोंडात असतानाच विलासचा फोन आला. विलास म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, गया आक्काचा मुलगा. एरवी फोन लागल्या लागल्या तो ‘मावशी, जेवलीस का?’ असं विचारतो. त्या दिवशी काहीच बोलेना. मागून बायकांचे आवाज येत होते. मी ‘विलास?’ म्हणाले, तर एवढंच म्हणाला, “मावशी... ये.” मी चमचा खाली ठेवला, पोरांना वाढायला सांगितलं आणि शिरूर कासारच्या स्टँडकडं निघाले. खिचडीत मीठ कमी होतं. ते सांगायचं राहून गेलं, हे मला आष्टीच्या गाडीत बसल्यावर आठवलं आणि का कोण जाणे, तेव्हाच पहिल्यांदा रडू फुटलं.

आक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी पाटी घेऊन शाळेत जात होते, आणि ती दिवाळी झाली की बैलगाडीत बसून कारखान्याला जाऊ लागली. पुढं मी डी.एड. करून शिक्षिका झाले आणि ती ऊसतोडीच्या टोळीची मुकादमीण झाली. मुकादम खरे आमचे दाजी. पण दाजी एका हंगामात तोडणीच्या उसाच्या फडावरच छातीत कळ येऊन गेले, आणि तेराव्या दिवशी टोळीतल्या बाप्यांनी विचारलं, “आता टोळी कुणाची?” तेव्हा आक्का आतून बाहेर येऊन म्हणाली, “टोळी टोळीचीच हाय. उद्यापासून हाजरी मी घ्यीन.” कुणी हसलं नाही. तिच्यावर हसायची कुणाची छातीच नव्हती. पहाट व्हायच्या आत तिची हाक सगळ्या कोप्यांवरून फिरायची. कोप्या म्हणजे उसाच्या वाढ्यांनी शाकारलेल्या त्या बुटक्या झोपड्या. बाई उठली नाही तर आक्का दारात उभी. ट्रॉली भरून गाव सोडताना आधी बायका आणि लेकरं बसवायची, मग भांडी, आणि जागा राहिली तर बाप्ये. मिश्री लावताना तिच्याशी बोलायचं नाही, आणि जेवायला ती कधी मांडी घालून बसायची नाही. भाकरी हातावर घेऊन, उभ्यानंच, फडाकडं बघत.

एका दिवाळीच्या सुटीनंतर मी दोन दिवस तिच्याकडं फडावर राहिले होते. टोळीत मंदा नावाची एक पोर होती. पोरच म्हणायची, पंचविशीच्या आतली, पण दोन लेकरांची आई. ती कोपीमागं पोट धरून बसली होती. पाणी टँकरचं, एका बादलीत सगळ्यांचं. त्यातल्या तांब्याभर पाण्यात ती रक्ताची फडकी धूत होती आणि कुणी येतंय का बघत होती. काम चुकलं की खाडा पडतो, म्हणजे नवरा-बायको दोघांचीही मजुरी कापली जाते. म्हणून ती दोन दिवस तशीच मोळ्या वाहत होती. आक्कानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “मंदे, लेकरं झाली ना तुला? मग ती पिशवी ठिवून काय करायचंय? उन्हाळ्यात चल माझ्यासंगं. काढून टाक, मोकळी होशील.” आवाजात इतकी माया होती की मंदा रडायला लागली. आक्कानं स्वतःच्या कोपीतून तिच्यासाठी गरम पाणी आणलं. त्या उन्हाळ्यात मंदाची गर्भपिशवी काढली. आक्का दवाखान्यात तिच्या उशाशी होती. अशा किती जणींना तिनं नेलं, ते मला नंतर तिच्याच तोंडून कळलं.

तिची स्वतःची पिशवी मात्र शाबूत होती. “मला कदी तरास झालाच न्हाई,” म्हणायची. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि गेल्या वर्षीच्या हंगामात अचानक पुन्हा रक्त जायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. टोळी गावी परतली तेव्हा सून रेखाच्या लक्षात आलं आणि तिनं मला फोन केला. मी गेले तर आक्काचा निर्णय झालेला होता. “काढून टाकायची. त्यात काय? दात काढल्यासारखं असतंय.” आणि त्याच ओळखीच्या दवाखान्यात, जिथं ती इतक्या जणींना घेऊन गेली होती, तिथं ती स्वतः जाऊन झोपली. फरक एवढाच की तिथं आता नवी, तरुण डॉक्टरीणबाई आली होती. ऑपरेशन झाल्यावर तिनं मला आत बोलावलं आणि पांढऱ्या झाकणाची एक प्लॅस्टिकची बरणी हातात दिली. “ही नगरच्या लॅबला नेऊन द्या. तपासायची आहे.” आक्का गुंगीतून नुकती बाहेर आली होती, तरी पुटपुटली, “कशाला? आजवर कुणाची धाडली न्हाई.” बाई म्हणाल्या, “आता धाडायची, आक्का.”

ती बरणी कापडी पिशवीत घालून, मांडीवर धरून, मी एसटीनं नगरला गेले. शेजारची बाई म्हणाली, “लोणचं का?” मी हो म्हणाले.

अहवाल आला तो कॅन्सरचा. पिशवीच्या आतल्या अस्तराचा, आणि त्यातही झपाट्यानं पसरणाऱ्या जातीचा. नगरहून पुण्याला पाठवलं. विलासनं उपचारासाठी ट्रॅक्टर विकला आणि आमच्या घरात तो विषय पुन्हा कुणी काढला नाही. पुण्याचे डॉक्टर शांत बोलणारे, पन्नाशीचे. त्यांनी कागदावर ओटीपोटाचं चित्र काढून दाखवलं. पिशवी गेली, पण आजार तेवढ्यातच होता की पुढं सरकला, हे पिशवी काढताना कुणी बघितलेलं नव्हतं. तो सरकला तर आधी लसिका ग्रंथींत जातो. रक्तवाहिन्यांच्या कडेनं बारीक गाठींची रांग असते, ती. त्या गाठी काढून तपासल्याशिवाय पुढचे उपचार ठरणार नाहीत. आणि त्यासाठी पुन्हा पोट उभं फाडायची गरज नाही, रोबोटच्या साह्यानं छोट्या छिद्रांतून काढता येतील.

“म्हंजे यंत्र कापणार व्हय?” आक्कानं विचारलं.

“कापणार मीच. यंत्राचे हात माझ्या हातांनी हलतात. माझ्या बोटांहून बारीक जागी जातात, एवढंच.”

आक्कानं चित्रातल्या गाठींच्या रांगेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “डॉक्टर, आमच्या फडात बी यंत्र आलंय आता. मधला ऊस झटक्यात तोडतंय. पण बांधाच्या कडेचा त्याला घावत न्हाई. तो आमालाच कोयत्यानं काढावा लागतोय.”

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. “कडेचा मी नीट बघेन,” म्हणाले.

शस्त्रक्रियेला सकाळी नेलं. आत नेताना दाराच्या फटीतून ते यंत्र मला दिसलं. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले लांब लांब हात वर उचलून उभं होतं. आक्कानं ढकलखुर्चीतून मान वळवून मला सांगितलं, “खेकड्यागत दिसतंय गं.” मग दार लागलं. मी आणि विलास बाहेर बसलो. विलास मोबाईलवर ट्रॅक्टरची चित्रं बघत होता आणि मी बघतेय असं दिसलं की फोन उलटा ठेवत होता... दुपार कलली तेव्हा डॉक्टर बाहेर आले, सगळं ठरल्याप्रमाणं झालं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती चालली. पोटावर बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या, बस्स. खांदे मात्र दुखत होते. पोटात हवा भरून शस्त्रक्रिया करतात, त्यामुळं दुखतात, असं नर्सनं सांगितलं. “कापलं पोट आन् दुखत्यात खांदे,” म्हणून ती वॉर्डभर सांगत फिरली. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिचं पोट वरपासून खालपर्यंत टाके घातलेलं. तिला आक्का म्हणाली, “तुमी बी यंत्राकडं जायचं होतं की.” इतकी खूश होती. त्या दोन-तीन दिवसांत मला माझी लहानपणीची बहीण पुन्हा बघायला मिळाली. चहात पाव बुडवून खायची, आणि पाव तुटून कपात पडला की टाळी वाजवून हसायची. घरी येताना गाडीत म्हणाली, “सुमे, सुटलो बघ.”

गाठींचा अहवाल दहा-बारा दिवसांनी आला. काढलेल्या गाठींपैकी काहींत आजार सापडला होता. डॉक्टरांनी तो तिच्यासमोरच सांगितला, कारण तिनं आधीच बजावलं होतं, “मागच्या मागं कुजबुजायचं न्हाई.” ऐकून ती इतकंच म्हणाली, “म्हंजे बियाणं आधीच सांडलंय.” मग औषधं सुरू झाली, सलाइनमधून, नगरला, आणि त्यानंतर किरणं. पहिल्या खेपेनंतर केस गेले. रेखानं केस झाडून गोळा केले आणि कुठं टाकायचे ते तिला कळेना, तेव्हा आक्कानंच ते घेऊन चुलीत घातले. उजवा पाय सुजायला लागला. गाठी काढल्या की पायातलं पाणी वर चढायची वाट अडते, असं डॉक्टर म्हणाले होते. घोटा दिसेनासा झाला. आयुष्यभर बांधावरून तरातरा चाललेली ती बाई आता पाय दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवायची, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

नगरच्या त्या वॉर्डात एका दुपारी मी तिच्याजवळ बसले होते. सलाइन चालू होती. तिला डोळा लागला असं मला वाटलं. तर ती डोळे मिटूनच म्हणाली, “सुमे, माझी पिशवी तू बरणीत घालून न्येलीस.”

“हां.”

“मग त्या पोरींच्या पिशव्या कुठं गेल्या गं?”

मला आधी कळलंच नाही. मग ती नावं घ्यायला लागली. मंदा. कांता. शेवंता. चिंचपूरची साळू... एकेक नाव, गावासकट, कुणाला कुठल्या उन्हाळ्यात नेलं ते. नर्स आली, बाटली बदलून गेली, तरी ती थांबली नाही. “मी भाईर बाकड्यावर बसलेली आसायचे. मागच्या दारानं दवाखान्यातली मावशी बादली घिऊन जायची. मी बघायचे, तिला म्हणायचे, पाय जपून टाक, ओलं हाय. पन बादलीत काय चाललंय, कुठं चाललंय, ते कदी इचारलं न्हाई. आता कुणाच्यात काय व्हतं, कसं कळायचं? मला वाटायचं मी त्यांचं भलं करतीय...” मी म्हणाले, “आक्का, तुला तेव्हा काय माहीत होतं?” ती म्हणाली, “मला म्हाईत नव्हतं. पन मी सांगायला तर गेलते ना?”

त्यानंतर तिनं घेतलेला ध्यास माझ्या डोळ्यांसमोर आहे. टोळ्या दसऱ्यानंतर निघायला लागतात, त्याआधी तिला सगळ्यांना गाठायचं होतं. दोन सलाइनच्या मधल्या दिवसांत, जरा बरं वाटलं की, डोक्याला रुमाल बांधून ती विलासच्या जुन्या जीपमध्ये बसायची. रविवारी मी सोबत. वस्तीवर जायचं, दारात बसायचं आणि सांगायचं, “पिशवी काढली म्हंजे समदं संपलं न्हाई. आत अजून बरंच काय ऱ्हातं. बायांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. मी आन् माझी भन संगं येतो.” बहुतेक जणी चहा ठेवायच्या. काही हसायच्या. “आक्का, पिशवीच न्हाई तर कॅन्सर कुठं व्हायचा?” आक्का रुमाल सोडून डोकं दाखवायची. मग हसू थांबायचं, पण यायला तयार व्हायच्या त्या थोड्याच.

मंदाकडं आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. आक्का ते टाळत होती, हे मला दिसत होतं. मंदा आता पस्तिशीची. पण दारात आली ती बाई पन्नाशीची वाटली. पाठीत वाक आलेला, हाताची बोटं सुजलेली. पिशवीबरोबर तिची अंडाशयंही काढली होती, ते तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. ती ज्वारी पाखडत होती. आक्काचं बोलणं तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “तवा बी तुमीच आलता, आक्का. आसंच बसून, आसंच मायेनं सांगितलं. काढून टाक, मोकळी होशील. झाले की मोकळी. आंगाची नुसती आग व्हतीय रात-दिस, हाडं बोलत्यात, नवरा जवळ बसत न्हाई. आता म्हनताव तपास. तपासून आजून काय काढायचंय माझ्यातनं?”

जीपजवळ उभा असलेला विलास पुढं व्हायला लागला. आक्कानं हात वर करून त्याला थांबवलं. मी वाट बघत होते, आता ती काहीतरी बोलेल, पाण्याचं, खाड्याचं, त्या दिवसांचं सांगेल. ती फक्त म्हणाली, “खरं हाय, मंदे.” आणि उठायला गेली. पाय साथ देईना. दोनदा उठली, दोनदा बसली. मंदा बघत होती. मग तीच पुढं आली, आक्काच्या काखेत हात घातला, आणि तिला जीपपर्यंत आणून सोडलं. परत जाताना तिनं वळून पाहिलं नाही. आष्टी जवळ आल्यावर आक्का म्हणाली, “तिचा हात लई जड झालाय गं.”

ज्या थोड्या आल्या, त्यांना घेऊन आम्ही नव्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. कांताच्या पोटात एक गाठ निघाली. वेळेवर काढली, आणि ती साधी निघाली. पण त्यापायी ती त्या हंगामात कारखान्याला जाऊ शकली नाही. एक कोयता, म्हणजे तोडणीची नवरा-बायकोची जोडी, बुडाला म्हणून तिचा नवरा आक्काच्या दारात येऊन वाटेल ते बोलून गेला. आक्का ओट्यावर बसून ऐकत होती. तो गेल्यावर रेखाला म्हणाली, “त्याला चा तरी द्यायचा होता.”

पौषात तिला खोकला लागला आणि पाठीत दुखायला लागलं. पुण्याला पुन्हा तपासण्या झाल्या. आजार वर सरकला होता, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कडेनं, आणि फुप्फुसांतही. आक्कानं डॉक्टरांना विचारलं, “कडेचा ऱ्हायला का?” डॉक्टर म्हणाले, “राहिला नव्हता, आक्का. जे दिसत होतं ते सगळं काढलं होतं. पण तो आधीच पुढं गेलेला होता. आपण मागून निघालो.” तिनं मान हलवली. त्यांचा राग केला नाही. उलट निघताना त्यांना म्हणाली, “तुमचं यंत्र चांगलं हाय. लवकर आलेल्या बाईला करा.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, आणि आम्ही बाहेर आलो.

पुढचे दिवस मला लिहायचे नाहीत. दुखणं होतं, गोळ्या होत्या, मग गोळ्यांनाही न जुमानणारं दुखणं होतं. ज्या आवाजानं अख्खी टोळी जागी व्हायची तो इतका बारीक झाला, की पाणी मागितलेलं ऐकायला तिच्या ओठांना कान लावावा लागायचा. टोळी कारखान्यावर होती. विलासचा तो ‘ये’ असा फोन आला त्या दिवशी आक्का गेली, तेव्हा मातीला गावातली म्हातारी माणसंच तेवढी होती. ज्यांना ती वर्षानुवर्षं हाक मारून उठवत आली, त्यातलं एकही माणूस तिला पोहोचवायला नव्हतं.

चैत्रात टोळ्या परतल्या, तशा बायका भेटायला यायला लागल्या. मंदाही आली. उंबऱ्याच्या आत आली नाही, ओट्यावरच बसली. रेखानं पाणी दिलं ते तिनं घेतलं. मी विचारलं, “गेलतीस का गं दाखवायला?” तिनं नाही म्हणून मान हलवली. “जाशील?” “बघू,” म्हणाली. बराच वेळ बसली आणि उठून गेली. मी तिला पुन्हा काही विचारलं नाही.

आक्काचा मोबाईल आता माझ्याकडं असतो. जुना, बटणांचा, मागचं झाकण रबरानं बांधलेला. रेखा म्हणाली, “मावशी, त्यो वाजला की माज्या काळजात धस्स व्हतंय, तुमी घिऊन जा.” आजारपणात आक्कानं तो नंबर ज्या बाईला भेटेल तिला दिला होता, आणि त्या बायकांनी आणखी कुणाकुणाला. अजून फोन येतात. सुरुवातीला मी सांगायचे, आक्का गेली. मग पलीकडून फोन कट व्हायचा.

गेल्या रविवारी सकाळी मी चहा ठेवला होता, तेवढ्यात तो वाजला. नंबर अनोळखी. एक कोवळा आवाज, दबका, कुणी ऐकेल म्हणून तोंडापुढं हात धरल्यासारखा. “आक्का का? तुमी मला वळखत न्हाई. आमी परवाच कारखान्यावरनं आलोय. मला लई जातंय... घरचे म्हनत्यात पिशवी काढून टाक. सोमवारी ये म्हनलंय दवाखान्यानं.” आमचा दोघी बहिणींचा आवाज सारखा आहे, फोनवर आमची आईसुद्धा फसायची. मी सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तर ती पोर म्हणाली, “आक्का, ऐकताय ना?”

मी गॅस बंद केला आणि खाली बसले.

“ऐकतीय,” म्हणाले. “कदीपासनं जातंय, बाई? सांग.”